चौदा दिवसांची नोटीस: ब्रिटनमधील नामवंत खेळाडू आणि वेगमर्यादेचा कायदा

२३ जानेवारी २०१८ रोजी लंडनच्या पॅडिंग्टन भागात, ए-४० रस्त्यावर, एक बेंटली मोटार वेगमर्यादा ओलांडताना टिपली गेली. मर्यादा ताशी ४० मैलांची, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरची होती. मोटार ताशी ५९ मैलांनी, म्हणजे सुमारे ९५ किलोमीटरच्या वेगाने जात होती. ती चालवत होते इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे माजी कर्णधार डेव्हिड बेकहॅम, आणि हा वेग त्यांनी नाकारला नाही. तरीही त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये विम्बल्डनच्या दंडाधिकारी न्यायालयातून ते दोषमुक्त होऊन सुटले, कारण खटल्याची पूर्वसूचना देणारी नोटीस मोटारीच्या नोंदणीकृत मालकाला, म्हणजे बेंटली कंपनीला, चौदा दिवसांची मुदत संपल्यावर एका दिवसाने मिळाली होती. ‘प्रसिद्ध माणसांना कायदा वेगळा असतो का’ हा प्रश्न त्यानंतर पुन्हा एकदा ब्रिटिश वृत्तपत्रांत गाजला. प्रश्न रास्त होता. पण त्याचे उत्तर न्यायाधीशांना खेळाडूंविषयी वाटणाऱ्या कौतुकात शोधले, तर ते सापडत नाही. ते कायद्याच्या रचनेत आहे, आणि ती रचना व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या हाती महागड्या मोटारी येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल झालेली पहिली शिक्षा जानेवारी १८९६ मधली मानली जाते. केंट परगण्यातील पॅडॉक वुड येथे वॉल्टर अर्नोल्ड हे मोटारींच्या धंद्यातले गृहस्थ ताशी सुमारे ८ मैल वेगाने गेले. मर्यादा २ मैलांची होती आणि त्यांना पकडणारा पोलीस सायकलवर होता. वेगाबद्दल त्यांना एक शिलिंग दंड झाला. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने मर्यादा १४ मैलांवर नेली आणि १९०३ च्या कायद्याने ती २० मैल केली. त्या काळी मोटार बाळगणारा माणूस जवळजवळ नेहमीच श्रीमंत असे, आणि दंड चुकवण्याची पहिली संघटित व्यवस्था याच वर्गाने उभी केली. १९०५ मध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन झाली, ती मुख्यतः पोलिसांच्या वेगसापळ्यांची आगाऊ सूचना मोटारवाल्यांना मिळावी म्हणून. संस्थेचे सायकलस्वार गस्तीवाले रस्त्यावर उभे राहून सभासदांना सावध करीत. १९१० मध्ये न्यायालयाने अशी सूचना देणे हा पोलिसांच्या कामात अडथळा ठरवला, तेव्हा संस्थेने युक्ती बदलली. गस्तीवाल्याने सभासदाच्या मोटारीला सलाम करायचा हा रिवाज होताच. पुढे सापळा असेल तर त्याने सलाम करायचा नाही, असे ठरले. सलाम न करणे हा काही गुन्हा नव्हता. आज वेगाच्या खटल्यांतून ज्या पळवाटा काढल्या जातात, त्यांचे मूळ रूप मला या न केलेल्या सलामात दिसते: कायद्याचा शब्द पाळायचा आणि त्याचा हेतू बाजूला ठेवायचा.

२० मैलांची मर्यादा इतक्या सर्रास मोडली जाऊ लागली की १९३० च्या वाहतूक कायद्याने मोटारींसाठीची मर्यादाच काढून टाकली. त्याची किंमत रस्त्यांवर दिसली. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा लागू झाली. पण त्या १९३० च्या कायद्यात आणखी एक कलम होते आणि आपल्या विषयासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. वेगाच्या किंवा धोकादायक वाहनचालनाच्या गुन्ह्याबद्दल चालकाला जागच्या जागी ताकीद दिलेली नसेल, तर चौदा दिवसांच्या आत त्याच्यावर समन्स बजावले गेले पाहिजे किंवा त्याला अथवा मोटारीच्या मालकाला खटल्याची नोटीस पाठवली गेली पाहिजे, असे ते कलम सांगत होते. यामागचा विचार न्याय्य होता. रस्त्यावरचा एक क्षण कोणाच्याही फार काळ लक्षात राहत नाही. त्या दिवशी मोटार कोण चालवत होते, वाहतूक कशी होती, साक्षीदार कोण होते, हे आठवण ताजी असतानाच माणसाला विचारले पाहिजे. हे संरक्षण कोणा बड्या माणसासाठी केलेले नव्हते. तेच कलम पुढे १९८८ च्या कायद्यात आले आणि २०१८ मध्ये बेकहॅम यांच्या वकिलांनी त्याचाच आधार घेतला.

त्या मधल्या काळात वेगाबद्दल न्यायालयात गेलेले खेळाडू प्रामुख्याने मोटारशर्यतींतले होते. वेगात जाणाऱ्या चालकाला अडवून ‘स्वतःला स्टर्लिंग मॉस समजतोस की काय’ असे पोलिसांनी विचारणे ही ब्रिटनमध्ये म्हणच झाली होती. प्रत्यक्षात खुद्द मॉस यांना १९६० मध्ये श्रॉपशायर परगण्यातील एका घटनेत धोकादायक वाहनचालनाबद्दल दोषी ठरवण्यात आले, ५० पौंड दंड झाला आणि बारा महिने परवाना गमवावा लागला. ते तेव्हा देशातले सर्वांत प्रसिद्ध शर्यतपटू होते आणि त्या प्रसिद्धीने त्यांना वाचवले नाही. त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी १९५९ मध्ये, जगज्जेता माइक हॉथॉर्न गिल्डफर्डजवळ स्वतःच्या जॅग्वारमध्ये मृत्युमुखी पडला होता. शर्यतसंघाचे मालक रॉब वॉकर यांची मर्सिडीज त्या वेळी त्याच रस्त्यावर होती. चौकशीत अपघाती मृत्यू असा निष्कर्ष निघाला. दोघांची चढाओढ चालली होती का, याविषयी त्यानंतर कितीतरी वर्षे उघडपणे बोलले गेले नाही.

फुटबॉलपटू या चित्रात नव्हते, त्याचे कारण पैसा. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगारावर कमाल मर्यादा होती आणि शेवटी ती आठवड्याला २० पौंड इतकीच होती. सामन्याला बसने जाणारा खेळाडू वेगाच्या खटल्यात सापडण्याचा संभव थोडाच. ही मर्यादा उठल्यावर पगार वाढत गेले, मोटारी आल्या आणि खटलेही आले. १९८८ मध्ये पोलिसांनी पाठलाग केलेल्या एका प्रकरणात लिव्हरपूलचे यान मोल्बी यांना बेदरकार वाहनचालनाबद्दल तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला. १९९० च्या डिसेंबरात आर्सेनलचे कर्णधार टोनी अ‍ॅडम्स यांना दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांतले निम्मे दिवस त्यांनी प्रत्यक्ष तुरुंगात काढले. या निकालांत सौम्यपणा कुठे दिसत नाही.

नंतर १९९२ साल आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि खेळाडूंच्या उत्पन्नाचे मानच बदलले. त्याच वर्षी पश्चिम लंडनमध्ये वेगाचे पहिले स्वयंचलित कॅमेरे बसले. हा कॅमेराही एका खेळाडूच्या डोक्यातून निघाला होता. मॉरिस गात्सोनिदेस हे डच शर्यतपटू, १९५३ च्या मॉन्टे कार्लो रॅलीचे विजेते; वळणावर आपला वेग नेमका किती राहतो हे कळावे म्हणून त्यांनी वेग मोजण्याचे उपकरण बनवले आणि त्यातूनच पुढे पोलिसांचा ‘गॅत्सो’ कॅमेरा आला. कॅमेऱ्याने एक गोष्ट मुळापासून बदलली. आधी पोलीस चालकाला रस्त्यातच थांबवून ताकीद देत असे, म्हणून नोटिशीचा प्रश्न क्वचितच उठे. कॅमेरा मात्र कोणाला थांबवत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या प्रत्येक खटल्याची सुरुवात टपालाने येणाऱ्या नोटिशीवर अवलंबून राहू लागली. मोटार कंपनीच्या नावावर किंवा उसनी घेतलेली असेल, तर कागद दोन-तीन हातांतून फिरतो. श्रीमंत खेळाडूंच्या मोटारी पुष्कळदा अशाच असतात.

या बदलाचा पुरेपूर उपयोग करणारे वकील म्हणजे मँचेस्टरचे निक फ्रीमन. पत्रकारांनी त्यांना ‘मिस्टर लूपहोल’, म्हणजे पळवाटवाले, हे नाव दिले आणि पुढे त्यांनी ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवूनही घेतले. १९९९ च्या ऑक्टोबरात मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्यावर मोटारमार्गाच्या कडेच्या राखीव पट्टीवरून मोटार नेल्याचा आरोप होता. पोट बिघडल्यामुळे दुसरा इलाज नव्हता, हा त्यांचा बचाव बरीच्या न्यायालयाने मान्य केला. त्याच डिसेंबरात बेकहॅम यांना ५० मैलांच्या मर्यादेत ७६ मैलांनी मोटार चालवल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी झाली. एक छायाचित्रकार पाठलाग करीत होता आणि त्याच्यापासून सुटण्यासाठी वेग वाढवावा लागला, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने ते बंदी टाळण्यास पुरेसे मानले नाही. अपिलात मात्र बंदी उठली. युवराज्ञी डायाना यांच्या अपघाताला तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती, हे विसरून हा निकाल वाचता येत नाही. २००८ मध्ये क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ वेगाच्या एका खटल्यातून सुटले, तेही नोटीस मुदतीत न निघाल्यामुळे.

इथे नीट थांबून विचार करायला हवा. नोटीस उशिरा आली तर शिक्षिका किंवा टॅक्सीचालकही याच कलमाखाली सुटू शकतो. कलम कोणाचे नाव बघत नाही. पण लिव्हरपूलच्या टॅक्सीचालकाला नोटीस आली तर तो नोंदणीकृत मालकाकडे ती कोणत्या तारखेला पोहोचली हे तपासत बसत नाही. तो १०० पौंड भरतो, परवान्यावर दंडाचे तीन गुण नोंदवून घेतो, किंवा परवानगी मिळाल्यास वेगाविषयीच्या प्रशिक्षणवर्गाला बसतो, कारण खटला लढवून हरला तर दंड आणि खर्च दोन्ही वाढतात. हजारो पौंडांची फी देऊन तारखा तपासून घेणे ज्याला परवडते, त्यालाच त्या कलमाचा खरा लाभ होतो. म्हणून मी याला प्रसिद्धीची सवलत म्हणत नाही, ती पैशाची सवलत आहे, आणि मला ती अधिक गंभीर वाटते, कारण ती एखाद्या न्यायाधीशाच्या पक्षपाताने आलेली नसून कायद्याच्या कामकाजातच मुरलेली आहे.

दंडाचेही तेच. २४ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेगाच्या सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठी दंड आठवड्याच्या उत्पन्नाच्या १२५ ते १७५ टक्के इतका धरला जातो. ऐकायला हे समन्यायी वाटते. पण कायद्याने दंडाची कमाल रक्कम साध्या रस्त्यावर १,००० पौंड आणि मोटारमार्गावर २,५०० पौंड ठरवून ठेवली आहे. त्यामुळे मध्यम पगाराच्या माणसाला टक्केवारी लागते आणि आठवड्याला लाख पौंड कमावणाऱ्याला ती लागतच नाही. फिनलंडने १९२१ मध्येच उत्पन्नावर आधारित ‘दिवसदंड’ आणला. तिथे नोकियाचे अधिकारी अन्सी वान्योकी यांना ५० किलोमीटरच्या मर्यादेत ७५ ने गेल्याबद्दल २००२ मध्ये १,१६,००० युरो दंड झाला होता, जो पुढे उत्पन्न घटल्याचे दाखवल्यावर पुष्कळ कमी झाला. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या मोटारीच्या वेगाबद्दल दंड १,००० ते २,००० रुपये आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्यातील विश्वचषक सामन्याआधी रोहित शर्मा यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चलन झाल्याच्या बातम्या आल्या. काहींनी वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पलीकडे सांगितला, नंतरच्या बातम्यांनी तो त्याहून पुष्कळ कमी असल्याचे म्हटले. वेगाच्या आकड्यावर वाद झाला. चलनाच्या रकमेचा अशा खेळाडूवर काय परिणाम होणार, याची चर्चा फारशी झाली नाही.

अमेरिकेत प्रश्न वेगळा पडतो, कारण तिथे पोलिसांच्या स्वेच्छाधिकाराला मोठा वाव आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लॉस एंजेलिसजवळ टायगर वुड्स यांची मोटार ४५ मैलांच्या रस्त्यावर ८४ ते ८७ मैलांच्या वेगात असताना उलटली. तरी साक्षीदार नसल्याचे सांगून शेरीफच्या खात्याने त्यांना चलन दिले नाही आणि विशेष वागणुकीचा आरोप नाकारला. अशा निर्णयाची तपासणी करायला न्यायालयाचा निकालही हाती राहत नाही.

जिथे जीव जातो तिथे ब्रिटनमधले चित्र बदलते. २००४ मध्ये वेस्ट ब्रॉमविचचे ली ह्यूज यांना एका जीवघेण्या अपघाताबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि २००८ मध्ये गोलरक्षक ल्यूक मॅकॉर्मिक यांना, दोन लहान मुलांचा बळी गेलेल्या अपघाताबद्दल, सात वर्षे चार महिन्यांची. सवलत दिसते ती त्याच्या अलीकडे: जो वेग अजून कोणाला लागलेला नाही, त्याच्या हिशेबात.

बेकहॅम यांचा परवाना शेवटी गेला, तो मे २०१९ मध्ये. लंडनमध्ये हातात मोबाइल धरून मोटार चालवताना एका वाटसरूने त्यांचे छायाचित्र घेतले होते. ब्रॉम्ली न्यायालयाने त्यांना सहा गुण आणि ७५० पौंड दंड दिला. आधीचे सहा गुण धरून बारा झाले आणि सहा महिन्यांची बंदी लागली. चेहरा ओळखीचा नसता तर ते छायाचित्र कोणी काढले असते का, याची मला शंका वाटते. बारा गुण भरल्यावरही ‘अपवादात्मक हाल’ होतील असे सांगून बंदी टाळण्याची वाट मात्र खुली होती आणि हजारो चालक तिने जात होते. १ ऑक्टोबर २०२० पासून शिक्षाविषयक परिषदेने न्यायालयांना बजावले की बंदीमुळे जवळजवळ प्रत्येकाचेच हाल होतात, म्हणून हाल अपवादात्मक आहेत हे सांगणाऱ्याने पुराव्यासह दाखवले पाहिजे. चौदा दिवसांचे कलम आणि दंडाची कमाल रक्कम या दोन्ही गोष्टींना त्या बदलाने हात लावला नाही.