फ्लोटिंग पॉइंट संख्यांची तुलना

गणिताने समान असलेल्या दोन दशांश संख्या संगणकाने असमान ठरवणे, हा फ्लोटिंग पॉइंट मांडणीचा (संख्येचे मोजकेच अंक आणि बिंदूची जागा वेगवेगळी साठवण्याच्या पद्धतीचा) नेहमीचा परिणाम. डबल (६४ बिटांच्या) प्रकारात ०.१ + ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. काजूची शंभर ग्रॅमची दहा पाकिटे ०.१ किलोप्रमाणे एकेक करून मिळवली, तर एकूण वजन ०.९९९९९९९९९९९९९९९९ भरते आणि ‘एकूण == १’ या अटीवर थांबणारे लूप थांबत नाही.

कारण. छेद २ चा घात असेल तोच अपूर्णांक द्विमान पद्धतीत (० आणि १ या दोनच अंकांत) मर्यादित स्थानांत संपतो. या कसोटीवर गोव्यातले जुने चलन निम्मे उतरते. पोर्तुगीज अमलात १ रुपिया = १६ तांगा = ९६० रेइस. तांगा म्हणजे ०.०६२५ रुपिया, तो चार द्विमान स्थानांत तंतोतंत बसतो; रेइस बसत नाही, कारण ९६० = ६४ × १५. १९५८-५९ च्या सुमारास आलेल्या एस्कुदोचा शतांश सेंताव्हू बसत नाही, आजचा पैसाही नाही.

उगम. या मांडणीच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. स्पेनचे लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी १९१४ मध्ये अशी मांडणी सुचवली, पण ती दशमान होती. प्रत्यक्ष चाललेले यंत्र प्रमाण मानल्यास जर्मनीचे कोनराड झुसे यांच्या द्विमान झेड-३ या संगणकाकडे (१९४१) झुकणे अधिक सयुक्तिक वाटते. आज रूढ असलेले फ्लोटिंग पॉइंटचे आयईईई ७५४ हे मानक १९८५ चे. २००८ च्या आवृत्तीत दशमान प्रकारही आले.

उपाय. फरक ठरावीक सहिष्णुतेपेक्षा कमी आहे का, हे पाहतात. मात्र ०.००००००००१ सारखी निरपेक्ष (ठाम आकड्याची) सहिष्णुता मोठ्या आकड्यांवर कुचकामी ठरते: सुमारे ८४ लाखांपुढे शेजारच्या दोन डबल संख्यांतले अंतरच तिच्याहून मोठे असते. सापेक्ष (आकड्यांच्या आकाराच्या प्रमाणात ठरणारी) सहिष्णुता शून्याजवळ फसते. म्हणून दोन्ही जोडून वापरतात. पायथॉन भाषेच्या मॅथ.इझक्लोज या तुलनेच्या फंक्शनमध्ये निरपेक्ष सहिष्णुता मुळात शून्य असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शिवाय ‘जवळपास समान’ हे नाते संक्रामक नसल्याने (अ ब च्या आणि ब क च्या जवळ असला, तरी अ क च्या जवळ असेलच असे नाही) सॉर्टिंगसाठी ते चालत नाही. पैशांचा हिशेब पूर्णांक पैशांत किंवा दशमान प्रकारात ठेवावा.

अक्षांश-रेखांश. पणजीचे स्थान (सुमारे १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व) सिंगल (३२ बिटांच्या) प्रकारात साठवल्यास शेजारच्या दोन संख्यांमधली उत्तर-दक्षिण पायरी सुमारे १० सेंटीमीटरची, पूर्व-पश्चिम मात्र सुमारे ८० सेंटीमीटरची पडते. दोन्ही अक्षांना एकच सहिष्णुता लावू नये.