निर्माणीतून कंपनीत: संरक्षण अधिकाऱ्यांच्या दुसऱ्या नोकरीची पार्श्वभूमी

विदर्भातल्या जवाहरनगर किंवा भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून, म्हणजे सरकारी दारूगोळा कारखान्यातून, अधिकारी निवृत्त झाला की पूर्वी दुसऱ्या नोकरीचा विषय फारसा निघत नसे. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रं आणि दारूगोळा सरकारसाठी राखून ठेवला होता. त्यामुळे तोफगोळ्यात स्फोटक भरण्यात हयात घालवलेल्या माणसाला तेच काम देणारा खासगी मालक देशात नव्हताच. आज नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ असा मालक आहे. मधल्या काळात काय बदललं ते पाहिल्याशिवाय निवृत्तीनंतरच्या नोकरीचे नियम नीट समजत नाहीत.

१९६२ च्या चीन युद्धानंतर विदर्भात दारूगोळ्याची अख्खी साखळी उभी राहिली. सीमेपासून लांब, रेल्वेच्या जवळ आणि जमीन मोकळी, हे तिन्ही इथे जुळलं. अंबाझरीला धातूचं कवच, जवाहरनगरला गोळा नळीतून बाहेर ढकलणारी बारूद, भद्रावतीला कवचात स्फोटक भरणं. माल साठवायला पुलगावचा डेपो आधीपासून होताच.

पहिली भिंत २००१ मध्ये पडली. परवाना घेऊन खासगी कंपन्यांना संरक्षण उत्पादन करायला मुभा मिळाली. इथल्या कंपन्यांना मात्र आधीच एक पाया होता, तो म्हणजे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या) कोळसा खाणी. खाणीत दगड फोडायला स्फोटकं लागतात, आणि ती बनवायचा-साठवायचा परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. खाणीच्या स्फोटकांवरून लष्करी स्फोटकांकडे जाणं कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात फरक मोठा. खाणीत एखादी कांडी उडाली नाही तर काम अडतं आणि न उडालेला माल काढण्याचं जोखमीचं काम मागे लागतं. तोफेच्या नळीत गोळा फुटला तर तोफेवरची माणसं जातात.

इथे निर्माणीतल्या अधिकाऱ्याची किंमत कळते. टीएनटी हे स्फोटक साधारण ८१ अंशांना वितळतं, त्यामुळे ते वाफेच्या उष्णतेवर वितळवून कवचात ओततात. थंड होताना ते कडेकडून आत घट्ट होत जातं आणि आकसतं, म्हणून मधोमध पोकळी राहू शकते. ती बुडाशी राहिली तर डागताना बसणाऱ्या झटक्याने स्फोटक दाबलं जाऊन नळीतच उडू शकतं. उपाय म्हणजे वरचं तोंड गरम ठेवून थंड होण्याचा वेग सांभाळणं, आणि नंतर क्ष-किरणाने तपासणी. हे पुस्तकात आहे. पण कुठल्या ऋतूत किती वेळ द्यायचा, कोणती सावली पोकळीची आणि कोणती नाही, हे हाताखालून हजारो गोळे गेल्यावर कळतं. इमारतीच्या दारावर ‘इतके किलो, इतकी माणसं’ अशी पाटी असते. उत्पादनाची घाई असताना ती पाळायला लावणं हेही शिकलेलं कामच. शिवाय कागद: माल लॉटवार, म्हणजे एकत्र बनलेल्या गटागटाने जातो, लॉटमधले नमुने इटारसी किंवा बालासोरच्या चाचणी केंद्रात डागून पाहतात, आणि नमुना नापास झाला तर अख्खा लॉट अडकतो. कंपनी पगार देते तो या जाणतेपणाचा. ओळखीपाळखीचाही देते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि नियमांचा जन्म त्यातूनच झालाय.

वेळेचा हिशेब बघायचा तर हातबॉम्बचं उदाहरण चांगलं आहे. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेल्या बहुपयोगी हातबॉम्बचं तंत्रज्ञान नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज लिमिटेडने २०१६ मध्ये घेतलं. २०१७-१८ मध्ये चाचण्या, ऑक्टोबर २०२० मध्ये १० लाख नगांचा करार, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पहिला माल लष्कराच्या हाती. तंत्रज्ञानापासून पुरवठ्यापर्यंत पाच वर्षं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला या निर्माण्या चालवणारं आयुध निर्माणी मंडळ मोडलं आणि ४१ निर्माण्यांच्या ७ सरकारी कंपन्या झाल्या. जवाहरनगर आणि भद्रावती पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेल्या, अंबाझरी नागपुरातच मुख्यालय असलेल्या यंत्र इंडियाकडे. कर्मचारी तेव्हा ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर गेले, म्हणजे काम कंपनीचं पण नोकरी केंद्र सरकारचीच. अशा प्रतिनियुक्तीवरून निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीनंतरची अट म्हणूनच चुकत नाही.

अट अशी. केंद्राच्या गट ‘अ’ (सर्वात वरच्या गटातल्या) अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात खासगी नोकरी धरायची असेल तर सरकारची आगाऊ परवानगी लागते. ही मुदत आधी दोन वर्षं होती, २००७ मध्ये एक झाली. सरकार काय तपासतं? शेवटच्या तीन वर्षांत त्या कंपनीच्या कामाशी थेट संबंध असलेली संवेदनशील माहिती अधिकाऱ्याकडे होती का, हितसंबंध आड येतात का, कंपनीच्या कारभाराने राष्ट्रीय सुरक्षेला बाध येतो का, सेवापुस्तक स्वच्छ आहे का, आणि देऊ केलेला पगार त्या धंद्यातल्या चालू दराशी जुळतो का. पगाराचा प्रश्न वरवर विचित्र वाटतो, पण अवाच्या सवा पगार हा जुन्या उपकाराची परतफेड असू शकतो. सरकारी कंपनीत जायचं तर ही परवानगी लागत नाही.

अर्ज अडतात ते ठरलेल्या ठिकाणी. कामाचं स्वरूप ‘सल्लागार’ एवढंच लिहिलेलं असतं, किंवा शेवटच्या कार्यालयाची ना हरकत आलेली नसते. ६० दिवसांत नकार आला नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण अर्जात त्रुटी निघाली आणि खुलासा मागवला, तर दिवस त्रुटी दूर झाल्यापासून मोजतात, हे ठाऊक नसतं. ‘नोकरी नाही, स्वतंत्र सल्ला देतो’ ही पळवाटही बंद आहे: जुन्या पदामुळे गिऱ्हाइकाला गैरवाजवी फायदा होणार असेल किंवा सरकारी कार्यालयांत खेटे घालायचे असतील तर तो व्यवसायही याच नियमात बसतो. परवानगीशिवाय रुजू झालं तर म्हणणं ऐकून घेऊन पेन्शन पूर्ण किंवा अंशतः रोखता येते. एक गंमत गावाकडे परतणाऱ्यांसाठी. सहकारी संस्थेतलं पद, मग ते निवडून आलेलं का असेना, नियमाच्या व्याख्येत येतं. पहिल्याच वर्षी दूध संस्थेचा अध्यक्ष व्हायला निघालेल्या साहेबांनी आधी दिल्लीला अर्ज करायचा असतो.

सर्वात वरच्या पातळीवरही हाच नियम. एस. जयशंकर जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झाले, एप्रिलमध्ये सरकारच्या परवानगीने टाटा सन्समध्ये गेले आणि ३० मे २०१९ ला मंत्री होऊन परतले. अमेरिकेत ही ये-जा जुनी आहे. रॉबर्ट मॅक्नमारा फोर्ड या मोटार कंपनीचे अध्यक्ष असताना १९६१ मध्ये संरक्षणमंत्री झाले. डिक चेनी १९९३ पर्यंत संरक्षणमंत्री, १९९५ पासून हॅलिबर्टन या तेलक्षेत्रातल्या कंपनीचे प्रमुख, २००१ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष.

आमच्या मते एक वर्ष थोडं आहे. तंत्रज्ञान घेण्यापासून माल पोचेपर्यंत पाच वर्षं लागत असतील, तर वर्षभर थांबलेल्या अधिकाऱ्याची माहिती शिळी झालेली नसते. उलट मुदत फार ताणली तर पोकळी ओळखणारी नजर घरी बसून वाया जाते, आणि स्फोटकांच्या कारखान्यात ती नसणं परवडत नाही. मुदत सरसकट वाढवण्यापेक्षा पदानुसार ठरवावी: खरेदी आणि निविदेच्या टेबलावरच्यांना जास्त, उत्पादन आणि सुरक्षेतल्यांना आहे तेवढी. गोपनीयतेला तर मुदतच नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तांनाही लागू राहतो, आणि मे २०२१ पासून गुप्तचर व सुरक्षा संघटनांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या खात्याच्या विषयावर काही छापायचं तर आधी त्या संघटनेच्या प्रमुखाची मंजुरी घ्यावी लागते.