मराठवाड्यातील संगीत-नृत्याची सामायिक परंपरा

मराठवाड्यात निरनिराळ्या धर्मांचे, जातींचे आणि बोलींचे लोक गाण्या-वाजवण्याच्या व नाचण्याच्या निमित्ताने एकत्र येतात. त्यातून घडलेल्या प्रथांचा हा समुच्चय आहे. गावोगावचा मोहरम, खुलदाबादच्या उरुसातील कव्वाली, वारकऱ्यांचे भजन-भारूड, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील कीर्तन, बंजारा तांड्यांवरची लेंगी (होळीची गाणी) आणि कव्वालीच्या बाजाची भीमगीते हे या परंपरेचे ठळक प्रकार. हा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. मराठी, दखनी, तेलुगू, कन्नड आणि बंजाऱ्यांची गोर बोली येथे एकाच आठवडी बाजारात ऐकू येत. शब्द सगळ्यांना कळत नसले तरी ठेका कळत होता, आणि या परंपरेचा सांधा तिथेच आहे.

बाहेरून आलेले येथे रुजण्याची रीत जुनी आहे. यादव राजा सिंघण याच्या काळात देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ रचणारा शार्ङ्गदेव हा काश्मीरहून आलेल्या घराण्यातला. त्याच्या ग्रंथाचा सातवा अध्याय नृत्याला वाहिलेला आहे. पुढे चौदाव्या शतकात चिश्ती सूफी दौलताबाद-खुलदाबाद परिसरात आले. त्यांपैकी बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू 1337) हे समा (सूफींची भक्तिसंगीताची बैठक) ऐकताना एका खास ढंगाने नाचत, म्हणून त्यांच्या अनुयायांना ‘बुरहानी’ हे नाव पडले. पैठणच्या एकनाथांनी (सोळावे शतक) भारुडांत गोंधळी, जोशी, फकीर अशी सोंगे उभी केली. शब्दांचा प्रवासही असाच झाला. शाहीर, डफ आणि नगारा हे शब्द अरबीतून आले, तर सनई व लेझीम फारसीतून. लेझीम मूळचे साखळी लावलेले व्यायामाचे धनुष्य. आज ही वाद्ये परकी आहेत असे कुणाच्या मनातही येत नाही.

ठेका आणि पट्टी. भजनी ठेका आठ मात्रांचा, कव्वालीत सर्रास वाजणारा केरवा हा तालही आठ मात्रांचा. म्हणून भजनी मंडळातला पखवाजी आणि कव्वालाचा ढोलकवाला पहिल्याच भेटीत एकमेकांना साथ करू शकतात. खरी अडचण पट्टीची, म्हणजे गाण्याच्या आधारस्वराची असते. पखवाज एका स्वरात लावलेला असतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो अर्धा-एक स्वर वर नेता येतो. त्याहून जास्त ताणला तर आवाज कोरडा होतो किंवा पुडी फाटते. कव्वालाची पट्टी बहुधा वरची असते. त्यामुळे एकत्र कार्यक्रमात ऐनवेळी पट्टी बदलली की पखवाज बेसूर वाजू लागतो आणि श्रोते दोष गायकाला देतात. पट्टी आदल्या दिवशी ठरवावी, नाहीतर वरच्या पट्टीच्या पदांना फक्त ढोलक घ्यावी. पखवाजाच्या डाव्या बाजूची कणीक वाळली की धुम, म्हणजे खर्जाचा नाद, फिका पडतो, म्हणून लांबलेल्या बैठकीत ती मधूनमधून ओली करावी लागते. मध्येच आलेल्या पाहुण्या कलावंताला थांबणे जड जाते, पण त्या दोन मिनिटांची घाई करू नये.

दुसरी चूक लयीची. भजनात लय चढत जाते आणि वीस टाळकरी एकदम पुढे धावतात. कव्वालीतही ती चढते, पण मुख्य गायकाच्या हाताच्या इशाऱ्यावर. दोन्ही मंडळी एकत्र बसवायची असतील तर टाळ चार-पाच जोड्यांवर आणावेत आणि लय कोण वाढवणार हे आधी बोलून घ्यावे.

मोहरम. मराठवाड्याच्या खेड्यांत या परंपरेचे सर्वांत दाट रूप मोहरमात दिसते. मोहरम महिन्याचा चंद्र दिसला की आशुरखान्यासमोर (सवाऱ्या बसवण्याची जागा) कुदळ मारून गोल खड्डा खणतात. तो अलावा. पंजे म्हणजे सवाऱ्या बसतात, ऊद जळतो, मलिदा वाटला जातो. नवस बोललेल्या हिंदू घरांतली मुले गळ्यात नाडा घालून ‘फकीर’ होतात. रात्री अलाव्यात लाकडे पेटवून माणसे त्याभोवती फेर धरतात आणि पैगंबरांचे नातू हुसेन यांच्या हौतात्म्याची गाणी म्हणतात, काही दखनीत, काही मराठीत. नवव्या रात्री सवाऱ्या निघतात आणि दहाव्या दिवशी त्या थंड्या होतात, म्हणजे त्यांचे विसर्जन होते. काही गावांत सवारी धरणारा हिंदू असतो, तर हलगी वाजवणारे मातंग.

हलगी म्हणजे फूट-सव्वा फूट व्यासाचे कडे आणि त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे. उजव्या हातात आखूड टिपरू, डाव्यात बांबूची बारीक लवचीक काडी. जाड ठोका टिपरूचा, त्यामधली तडतड काडीची. वाजवण्याआधी ती आचेवर शेकतात. बोटाने टिचकी मारली की कातडे टणत्कार देते. आवाज भद्द आला तर पुन्हा शेकायचे. आच जास्त झाली तर कातडे कडेपाशी तडकते, म्हणून जाणता वाजवणारा हलगी एका जागी न धरता आचेवर फिरवत राहतो. अलाव्याची आग त्याला आयतीच मिळते. पावसाळी हवेत मात्र कातडे दर थोड्या वेळाने बसते. म्हणून दोन हलग्या ठेवाव्यात, एक वाजत असताना दुसरी शेकायची. फायबरच्या पुडीला हा त्रास नाही, पण तिचा आवाज पत्र्यासारखा लागतो आणि टिपरू-काडीतला फरक पुसला जातो.

नवख्याची नेहमीची चूक म्हणजे या हलगीला जल्लोष समजणे. मोहरम हा शोकाचा प्रसंग आहे. अनेक मुस्लिम विद्वानांचा तर यातील वाद्यांनाच विरोध आहे, आणि त्या मताचा मान ठेवून काही गावांनी वादन बंद केले. ज्या गावात ते चालू आहे तिथे लग्नाच्या वरातीची चाल अलाव्यापाशी वाजवू नये.

या एकत्र येण्याला मर्यादा होत्या, त्या झाकून चालत नाही. ज्याच्या हलगीवर अख्खे गाव नाचले त्यालाच पंगतीला वेगळे बसवले गेले. हलगी अनेकांच्या वाट्याला कला म्हणून नव्हे, गावकीचे काम म्हणून आली होती. त्यामुळे कुणी ती खाली ठेवली असेल तर ‘परंपरा बुडवली’ हा आरोप अन्यायाचा आहे. हलगीवाल्याला बोलावताना बिदागी आधी ठरवणे आणि जेवण सर्वांबरोबर देणे ही आयोजकांची पहिली जबाबदारी.

नामदेव, दोन दरबारांत. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. शेजारच्या जिल्ह्यातील नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत. वारकरी आणि शीख एकच अभंग गातात असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. ग्रंथातली पदे हिंदी वळणाच्या संतभाषेत आहेत आणि रागांनुसार लावलेली आहेत. वारकरी मराठी गाथेतले अभंग वीणा, टाळ, पखवाजावर चालीने म्हणतात. जिव्हाळ्याचे नाते नामदेवांच्या नावाचे आणि विठ्ठलाचे आहे, कारण विठ्ठलाचे नाव ग्रंथातल्या पदांतही येते. गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्या दिंडीने डोके झाकावे, ग्रंथसाहिबाकडे पाय करून बसू नये आणि पावली (टाळांच्या ठेक्यावरचे पावलांचे नृत्य) बाहेरच खेळावी. आत कीर्तन बसून ऐकतात, टाळ्या वाजवत नाहीत.

लेंगी आणि भीमगीते. बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत नगारा आणि काशाची थाळी यांच्या साथीने लेंगी गातात. नाचणारे गोल फेरात फिरतात. लगतच्या गावातले लोक पाहायला येतात, पण फेरात शिरण्याआधी तांड्याच्या नायकाला (प्रमुखाला) विचारण्याची रीत आहे. भीमगीतांनी कव्वालीचा साचा उचलला तो सवाल-जवाब, टाळ्या आणि हार्मोनियमसकट. मात्र त्यात पीर-मुर्शदांच्या जागी बुद्ध आणि आंबेडकर आले. साचा घेऊन आशय स्वतःचा भरण्याचे इतके जोरकस उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

तिथी आणि मिरवणूक. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे मोहरम दरवर्षी तेवढा मागे सरकतो. 2018 आणि 2019 मध्ये त्याचा दहावा दिवस गणेशोत्सवात आला. 2025 मध्ये तो 6 जुलैला, आषाढी एकादशीच्याच दिवशी होता. अशा वर्षी दिंडी आणि सवारी यांचे रस्ते एकमेकांना छेदतात. शांतता समितीच्या बैठकीत नुसता मार्ग नव्हे, तर कोणत्या चौकात कोण किती वाजता पोहोचणार हे लिहून घ्यावे लागते. समोरची मिरवणूक पुढे जाईपर्यंत आपली वाद्ये थांबवावीत. हलगी आणि टाळ हाताच्या इशाऱ्यावर क्षणात थांबतात. डीजेला मात्र इशारा दिसतही नाही आणि ऐकूही जात नाही, त्यामुळे बाचाबाची सुरू होते ती बहुधा त्याच्याच गाडीपाशी. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम 2000 पासून आहे. सवारीची खरी वेळ मात्र रात्रीचीच असते. म्हणून ध्वनिक्षेपकाशिवाय, नुसत्या हलगीवर सवारी काढायची झाल्यास किती जोड्या लागतील आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो का, हे आदल्या रात्री अलाव्यापाशीच वाजवून पाहावे.