पाडव्याला किती वीज लागेल?

बडोद्यात गोत्रीला गुजरातचं राज्य भार प्रेषण केंद्र आहे. साऱ्या राज्याच्या विजेचा मेळ तिथे चोवीस तास घातला जातो. ग्रिडमध्ये वीज साठवायची सोय फार थोडी, त्यामुळे जितकी खर्च होते तितकीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी एकदम वाढली की जनित्रं किंचित मंदावतात आणि वारंवारता, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा मागेपुढे होतो तो आकडा, 50 हर्ट्झच्या खाली सरकते, घटली की वर चढते. नियमाप्रमाणे ती 49.90 ते 50.05 या पट्ट्यात राहायला हवी.

औष्णिक संच मनात आलं की सुरू होत नाही. थंड पडलेला बॉयलर तापायलाच कित्येक तास जातात. म्हणून उद्याची मागणी आजच सांगावी लागते, तीही ढोबळ चालत नाही. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा आकडा द्यायचा. हे काम अनुभवी अभियंते वर्षानुवर्षं करत आले; आता जगभर त्यासाठी मशीन लर्निंग वापरतात.

प्रोग्रॅमला, म्हणजे मॉडेलला, मागच्या काही वर्षांचा तक्ता दिला जातो. प्रत्येक ओळीत तापमान, आर्द्रता, वार, कालची याच वेळची मागणी, आणि शेवटी प्रत्यक्षात लागलेली वीज. तो एक आकडा सांगतो, खऱ्या आकड्याशी ताडून पाहतो आणि चूक थोडी कमी होईल असे आतले गुणांक बदलतो. हे लाखो वेळा. मे महिन्यात पारा एका अंशाने चढला की एसी किती वीज ओढतील, हे त्याला असंच कळत जातं.

आता 14 नोव्हेंबर 2023 हा दिवस घ्या. मंगळवार, दिवाळीचा पाडवा. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या बहुतेक लहान कारखान्यांना कुलूप, कारण गुजरातेत व्यापारउदीम लाभपाचमेपर्यंत थंडच असतो आणि त्या वर्षी लाभपाचम 18 तारखेला होती. मॉडेलने आदल्या वर्षीचा 14 नोव्हेंबर काढून पाहिला, तर तिथे साधा सोमवार आहे, सगळी यंत्रं चालू. त्याला जो दिवस पाहायला हवा तो 26 ऑक्टोबर 2022, म्हणजे त्या वर्षीचा पाडवा. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत हे सगळं छापलेलं असतं. तक्त्यात मात्र ते कुणीतरी मुद्दाम घालावं लागतं: लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरले, नवरात्राची कितवी माळ. गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो, तेव्हा माळेचा रकाना काही उगीच नाही. उत्तरायण तेवढं सोपं, ते 14 जानेवारी सोडत नाही.

रकाना घातला तरी एक अडचण उरतेच, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. पाच वर्षांच्या नोंदींत मंगळवार अडीचशेच्या वर, पण पाडवे फक्त पाच. पाच उदाहरणांवरून शिकलेलं मॉडेल नियम म्हणून योगायोगच पाठ करण्याचा धोका असतो. एखाद्या पाडव्याला अवकाळी पाऊस पडला असेल, तर तोही पाडव्याचाच गुण समजेल. यावर एक चांगला उपाय आहे. आधी तो दिवस साधा मंगळवार धरून भाकीत करायचं आणि सणामुळे त्यात किती टक्के घट होते, एवढंच वेगळं शिकवायचं. पाच उदाहरणांत एवढं बसू शकतं.

छतावरच्या सौरऊर्जेने आणखी एक गुंता केला आहे. छतावर तयार होऊन घरातच वापरलेली वीज ग्रिडला दिसत नाही. ढग आला की तीच घरं एकदम ग्रिडकडून वीज मागू लागतात, म्हणून आता उपग्रहाची ढगांची चित्रंही मॉडेलला लागतात.

आणि ज्या दिवसाला मागचं उदाहरणच नाही, त्याचं काय? 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले गेले. मागणी 12 ते 13 हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता; प्रत्यक्षात ती सुमारे 31 हजारांनी घटली. वारंवारता 49.70 ते 50.26 अशी हलली, तरी ग्रिड टिकलं. जलविद्युत मिनिटांत कमी-जास्त करता येते आणि ती आधीपासून हाताशी ठेवली होती, हे त्यातलं मोठं कारण. भाकीत अडीच पट चुकूनही तयारी पुरली.

म्हणून मॉडेलकडे एकच आकडा मागू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘मागणी या दोन आकड्यांच्या मधे असण्याची शक्यता 90 टक्के’ असं उत्तर देणाऱ्या पद्धती आज उपलब्ध आहेत. पट्टा रुंद निघाला की जास्त राखीव वीज तयार ठेवायची. अरुंद निघाला तर कमी ठेवून चालतं, आणि नुसत्या सज्ज ठेवलेल्या संचांचा खर्च वाचतो.