सैन्यातला धोका मोजायचा कसा?

कुणी सैन्यात जायचं म्हटलं की दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. एक, "तिथे कायम जीव मुठीत धरून राहावं लागतं." दुसरं, "मरण काय, रस्त्यावरही येतं." दोन्ही अगदी मनापासून सांगितली जातात, पण दोन्हींत छेदाचा पत्ता नसतो. किती जणांपैकी, किती वर्षांत, कोणत्या कामावर असताना? हे ठाऊक नसेल तर मृत्यूंचा आकडा एक तर घाबरवतो, नाही तर खोटा धीर देतो. भरतीचा निर्णय घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

छेद नीट मांडला की काय दिसतं, याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण १८९८ सालचं आहे. लादिस्लाउस बोर्टकीविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने दगावलेल्यांच्या नोंदी तपासल्या. एकूण १४ कोअर (म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकड्या) आणि १८७५ ते १८९४ ही २० वर्षं. चार कोअरची घडण इतरांहून वेगळी होती, म्हणून त्याने त्या बाजूला ठेवूनही हिशेब केला. उरलेल्या १० कोअरची २० वर्षं धरली की २०० 'कोअर-वर्षं' होतात. त्यांत मृत्यू १२२. सरासरी ०.६१.

या २०० पैकी १०९ कोअर-वर्षांत एकही मृत्यू नव्हता. ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीनमध्ये तीन आणि एकात चक्क चार. एकाच वर्षात चार जण लाथेने गेले म्हटल्यावर कुणालाही वाटेल, घोडे बिथरलेत, अधिकाऱ्याचं लक्ष नाही, काहीतरी अपशकुन झालाय. आता फ्रेंच गणिती प्वासाँचं सूत्र घ्या; विरळ घटनेची सरासरी दिली की ती शून्य, एक, दोन अशी किती वेळा घडेल हे ते सांगतं. त्यात ०.६१ हा एकच आकडा घाला. सूत्र सांगतं: शून्य मृत्यूंची कोअर-वर्षं १०८.७, एकाची ६६.३, दोनची २०.२, तीनची ४.१, चारची ०.६. प्रत्यक्ष नोंदींशी हे जवळजवळ तंतोतंत जुळतं. ते चार मृत्यू समजून घ्यायला योगायोग पुरेसा आहे, अपशकुनी कोअर शोधायची गरज नाही.

सूत्राच्या अटी अशा: धोक्यात असलेली माणसं पुष्कळ हवीत, प्रत्येकाचा धोका अगदी लहान हवा आणि एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याच्या मृत्यूशी संबंध नको. तिसरी अट पाळली जाते का, हे पाहण्याची एक सुंदर कसोटी आहे. आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत हे मोजणारं व्हेरिअन्स नावाचं माप असतं. प्वासाँच्या नियमात ते सरासरीइतकंच येतं. वरच्या नोंदींवरून ते काढलं तर ०.६०८ येतं! हे माप सरासरीच्या बरंच वर गेलं, तर एक शक्यता अशी की मृत्यू एकमेकांत गुंतलेले आहेत, एकेकटे न येता घोळक्याने येताहेत.

पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत एक समज होता, तोफगोळा एकाच खड्ड्यात पुन्हा पडत नाही. पण गोळ्याला आधीचा खड्डा आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर उडते बॉम्ब पडले, तेव्हा ते ठरावीक भागांतच पडतात असं लोकांना वाटे. आर. डी. क्लार्क याने १९४६ मध्ये दक्षिण लंडनचे ५७६ समान चौकोन करून त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले, आणि तीही विभागणी प्वासाँप्रमाणेच निघाली. गोळीवर नाव लिहिलेलं असतं, या बोलण्यालाही याहून जास्त आधार नाही.

मात्र प्रत्यक्ष लढाईत तिसरी अट कोलमडते. १ जुलै १९१६, पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधल्या सोम नदीकाठची लढाई. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले. न्यूफाउंडलंड रेजिमेंटचे सुमारे ८०० जण पुढे गेले आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे होते. इथे एका सैनिकाचं मरण शेजारच्याच्या मरणापासून वेगळं काढताच येत नाही. म्हणून शांततेच्या वर्षांची सरासरी अपघातांसाठी उपयोगी, युद्धासाठी नाही. आणि युद्धातली सरासरीही पायदळातला आणि मागे रसद सांभाळणारा अशा दोघांना एकाच मापाने मोजते, म्हणून ती दोघांपैकी कुणालाच लागू पडत नाही.

"सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या नागरिकांपेक्षाही कमी आहे," असं वाक्य जाहिरातीत दिसलं तरी सावध व्हावं. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत आजारी माणसं गाळलेली असतात. निरोगी माणसं निवडून घेतली तर त्यांचा मृत्युदर कमी असायलाच हवा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने नेमकं हेच ओळखलं होतं. १८५० च्या दशकात इंग्लंडमधल्या बराकींत, शांततेच्या काळात, असे निवडलेले जवान नागरिकांच्या जवळपास दुप्पट दराने मरत होते. तिने त्याचा दोष बराकींच्या घाणीला दिला.

आणि इजा? अमेरिकी सैन्यात दुसऱ्या महायुद्धात जखमींपैकी सुमारे ३० टक्के दगावत, व्हिएतनाममध्ये २४ टक्के, इराक-अफगाणिस्तानात १० टक्क्यांच्या आसपास. ही वैद्यकाची फार मोठी कमाई आहे. पण पूर्वी जे वाचले नसते ते आज हातपाय गमावून किंवा स्फोटाने मेंदूला झालेली इजा घेऊन पुढे अनेक वर्षं जगतात. मृत्यूच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाहीत.

लढाई न पाहिलेल्यालाही इजा होते. अमेरिकेत निवृत्त सैनिकांना भरपाई मिळवून देणाऱ्या व्याधींत सर्वांत जास्त आढळणारी व्याधी म्हणजे कानात सतत आवाज येत राहणं. रायफलच्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून भरती होण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल जपून ठेवावा. पुढे ऐकू येणं किती कमी झालं हे ठरवताना तुलनेला तोच लागतो.