पंप बदलायचा की रेडिएटर? सुपरचार्ज्ड गाडीतले सारखे दिसणारे दोन आजार

संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडने कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत रखडत आलेली सुपरचार्ज्ड गाडी पुढे मोकळा रस्ता मिळाला तरी लगेच धावत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज येतो, ओढ येत नाही. गरम हवेमुळे नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊ नये म्हणून ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या संगणकाने, इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतलेलं असतं. ही तक्रार कुठेही सांगा, सल्ला ठरलेला: ‘इंटरकूलरचा पंप मोठा टाक.’ इंटरकूलर म्हणजे इंजिनात जाणारी तापलेली हवा पाण्याने गार करणारा भाग, आणि पंप ते पाणी फिरवतो. कधी तो सल्ला अगदी बरोबर असतो. पण पाणी कमी फिरणं आणि फिरणारं पाणी गार न होणं हे दोन वेगळे आजार आहेत. गाडी चालवताना दोन्ही सारखेच जाणवतात, म्हणूनच पैसे चुकीच्या जागी जातात.

सुपरचार्जर इंजिनात जाणारी हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर 35 अंश असताना हवा 1.6 पट दाबली तर ती साधारण 100 अंशांवर पोचते. ऑडीच्या 3.0 टीएफएसआयमध्ये किंवा जॅग्वार-लँड रोव्हरच्या 5.0 सुपरचार्ज्ड व्ही8 मध्ये ही हवा पाण्याच्या इंटरकूलरमधून जाते. पाणी तिची उष्णता घेतं, इलेक्ट्रिक पंप ते पाणी गाडीच्या तोंडाशी असलेल्या वेगळ्या रेडिएटरकडे नेतो, तिथे वाऱ्याने गार होऊन ते परत येतं. इंजिनच्या रेडिएटरशी याची गल्लत करू नका. इंजिनचं पाणी 90 अंशांच्या आसपास हवं असतं. हे पाणी बाहेरच्या हवेच्या जितकं जवळ राहील तितकं चांगलं. त्यामुळे डॅशबोर्डवरचा काटा शांतपणे मधोमध उभा असतानाही इंटरकूलर तापलेला असू शकतो.

या साखळीत पंप हा हमाल. तो उष्णता वाहून नेतो, पण माल उतरवून घेतो तो रेडिएटर.

थोडा हिशोब करू. अडीचशे हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन पूर्ण जोरात असेल, तर इंटरकूलरला साधारण 10 किलोवॉट उष्णता काढावी लागते. मिनिटाला 10 लिटर पाणी फिरत असेल तर ते इंटरकूलरमधून जाताना 14 अंशांनी तापतं. पंप दुप्पट केला तर 7 अंशांनी. पुन्हा दुप्पट केला तर साडेतीन. म्हणजे पहिल्या दुपटीला 7 अंश वाचले, दुसरीला जेमतेम साडेतीन. आणि रेडिएटरमधून पाणी मुळात 60 अंशांवरच परत येत असेल, तर कितीही मोठा पंप लावा, हवा 60 च्या खाली जाणार नाही.

इथेच एक उलटा गैरसमजही ऐकू येतो: पाणी फार जोरात फिरलं तर त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. हे खरं नाही. तेच पाणी तितक्याच जास्त वेळा रेडिएटरमधून जातं. प्रवाह वाढवून तोटा होत नाही, फक्त फायदा आटत जातो.

माझ्या कोलशेतच्या मित्राने असाच नवा, मोठा पंप बसवून घेतला. तक्रार जशीच्या तशी. एका रविवारी पहाटे आम्ही ईसीयूचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून नवी मुंबईच्या पाम बीच रोडला गेलो. गाडी एकाच वेगात धरली आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघत राहिलो. सिग्नलला चढलेला आकडा गाडी चालू लागल्यावर झरझर उतरला, तर समजावं की यंत्रणा ठीक आहे, उभ्या गाडीला फक्त वारा मिळत नव्हता. त्याचा आकडा चालत्या गाडीतही उतरत नव्हता. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि इंटरकूलरच्या रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावला. येणारी गरम, जाणारीही तितकीच गरम. पाणी फिरत होतं, गार होत नव्हतं. पंप मेला असता तर इंटरकूलरजवळची नळी चटका देणारी आणि पुढच्या या नळ्या जवळजवळ गार लागल्या असत्या. (हात लावताना पंख्यापासून लांब राहा, इंजिन बंद असलं तरी तो अचानक सुरू होतो.)

बंपर उतरवल्यावर कारण दिसलं. एसीचा कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि हा रेडिएटर यांच्यामधल्या फटीत मेट्रोच्या कामाची बारीक करडी धूळ, किडे आणि सुकलेली पानं यांचा थर बसून जाळी लिंपल्यासारखी झाली होती. साध्या पाइपने मागून पुढे पाणी सोडलं, तर आधी बराच वेळ नुसता राखाडी चिखल येत राहिला. प्रेशर वॉशर मात्र जवळून मारू नका, फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकल्या की वाऱ्याची वाट कायमची बंद.

माझ्या गाडीत नेमकं उलटं झालं होतं. जाळी स्वच्छ, पंपाची घरघर ऐकू येत होती, म्हणून पंप चालू आहे असं मी धरून चाललो. कूलंट, म्हणजे या सर्किटमधलं पाणी, बदलताना आत हवा अडकली होती. गार इंजिनवर कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं, तर परतीच्या नळीतून धारच पडत नव्हती. हवा काढली आणि त्याच पंपाने गाडी सुधारली. हे मनापासून सांगतो, कारण या पंपाला गार ठेवतं ते त्याच्यातूनच वाहणारं पाणी. कोरडा फिरला की तो जळतो. कंपनीचा सोडून बाजारातला दुसरा पंप बसवत असाल तर तो टाकीच्या पातळीच्या खाली आणि रेडिएटरमधून गार पाणी निघतं त्या बाजूला घ्या. आणि जुना पंप काढण्याआधी इंजिन चालू ठेवून त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर 13.8 आणि पंपाशी 11 मिळत असतील, तर दोष वायरिंगचा किंवा रिलेचा.

कूलंटचं थोडक्यात: ठाण्यात पाणी गोठत नाही आणि निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव्य) घातलेलं मिश्रण लिटरमागे दहा-पंधरा टक्के कमी उष्णता वाहतं. हे सर्किट पूर्ण स्वतंत्र असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक पुरतं. पण काही गाड्यांत ते इंजिनच्याच टाकीला जोडलेलं असतं, तिथे कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाला.

मित्राच्या गाडीचा आकडा आता गायमुख ओलांडल्यावर भराभर खाली येतो. रांगेत उभं असताना मात्र तो अजूनही चढतो, कारण तिथे वाराच नाही. त्यासाठी तो रेडिएटरपुढे वेगळा पंखा बसवतोय. मोठा पंप तसाच ठेवलाय.