नायट्रस आणि टर्बो : भांडण ऑक्सिजनचेच

चित्रपटात नायकाने बटण दाबले की ‘नायट्रो’ पेटतो आणि गाडी ज्वाळा ओकत सुटते. त्यामुळे नायट्रस ऑक्साइड हे एखादे जहाल इंधन असावे, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात दंतवैद्य गुंगी आणण्यासाठी वापरतात तोच हा वायू, आणि तो स्वतः जळत नाही. इंजिनातल्या उष्णतेने त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटा होतो, इतकेच. इंजिनात पेट्रोल वाढवणे सोपे असते, अडते ते ऑक्सिजनपाशी; टर्बोचार्जरही तीच अडचण सोडवतो, फक्त दुसऱ्या वाटेने.

दोन लिटरचे साधे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदाला साधारण १२० ग्रॅम हवा, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम ऑक्सिजन ओढते. नायट्रसच्या वजनात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेच्या वजनात २३ टक्के. सेकंदाला ३० ग्रॅम नायट्रस सोडला तर जवळजवळ ११ ग्रॅम ऑक्सिजन जादा मिळतो. हा वायू हवेची थोडी जागा अडवतो खरा, पण बाटलीत द्रवरूपात असलेला नायट्रस उणे ८८ अंशांना उकळत असल्याने बाहेर पडताच भोवतालची उष्णता शोषतो आणि आत येणारी हवा गार व दाट करतो.

टर्बोचे नेमके उलटे आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते; सायकलचा पंप गरम होतो तो याच कारणाने. तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर कोणताही अपव्यय न धरताही ती सुमारे ९५ अंशांवर जाते, आणि तेवढ्याच जागेत मावणारा ऑक्सिजन दुप्पट न होता १.६४ पटच होतो. उरलेली तूट भरून काढण्यासाठी इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर, लागतो. (हवेच्या नळीत बसवायचे ‘इलेक्ट्रिक टर्बो’ नावाचे स्वस्त पंखे असला दाब निर्माणच करू शकत नाहीत, त्यापेक्षा बंपरला लिंबू-मिरची बांधणे परवडते.)

पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यतीत (सरळ धावपट्टीवरच्या वेगाच्या शर्यतीत) टर्बोला आधी धूर हवा आणि धुरासाठी आधी इंजिनाच्या फेऱ्या हव्यात, म्हणून चालक ब्रेक दाबून ठेवून सुटण्याआधीच इंजिन चढवतो. नायट्रस झडप उघडताच हजर होतो, पण वापरासरशी बाटली गार पडून तिचा दाब उतरतो, आणि सोबतचे जादा पेट्रोल कमी पडले तर पिस्टन वितळतो. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या ‘प्रो मॉड’ गटात दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच धावपट्टीवर उतरतात, मात्र त्यांना किमान वजनाचे नियम वेगवेगळे असतात.